चाकातली मोटार, बॅटरीची किल्ली

(नाशिक येथे बचत गटांच्या व महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव 'इलेक्ट्रिक सायकल : तांत्रिक माहिती' असं छापलंय. 'तांत्रिक' शब्द वाचला की आपल्यातल्या निम्म्याजणींना हे आपल्यासाठी नाही असं वाटतं. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करते. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या मोटारी उघडते, जळालेली तार काढते, नवी भरते. दुकानात येणारं गिऱ्हाईक अजूनही मला विचारतं, "मेकॅनिक कुठं गेलेत?" त्यामुळं या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

आजच हा विषय का, तर तुमच्यापैकी काही गट इलेक्ट्रिक सायकलींसाठी कर्ज काढायच्या विचारात आहेत. कुणाला पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजी आणायचीय, कुणाला सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीला जायचंय, कुणाची मुलगी गंगापूर रोडच्या कॉलेजात जातेय. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. पण एसटी आपल्या घराच्या बोळात येत नाही आणि पहाटे चार वाजता मार्केटलाही नेत नाही. सायकल नेते. म्हणून विकणारा माणूस आला की तो काय बोलतोय, काय लपवतोय हे कळायला हवं. हप्ते आपण फेडणार आहोत.

थोडा इतिहास सांगते, कारण सायकल आणि बाई यांचं नातं जुनं आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग मानला, बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळावं म्हणून खटपट केली. गंमत म्हणजे तिथल्या पुष्कळ बायकांनी 'जेन्ट्स' सायकली पसंत केल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं ना! बाजारानं 'लेडीज' म्हणून जे ठरवलं त्यापेक्षा आपली गरज त्यांना बरोबर कळत होती.

सायकलीला मोटार जोडायची कल्पनाही काही आजची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं ३१ डिसेंबर १८९५ रोजी तिचं पेटंट घेतलं, आणि त्यातही मोटार मागच्या चाकातच होती. आपल्याकडं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पायडल रिक्षाला मोटारीची जोड देण्याचं काम हाती घेतलं. रिक्षा ओढणाऱ्याची छाती फुटू नये हा त्यामागचा विचार होता. मग इतकी वर्षं हे घरोघरी का नाही आलं? बॅटरीमुळं. शिसं आणि आम्लाची बॅटरी जड, आयुष्यानं तोकडी. लिथियमची बॅटरी १९९१ साली बाजारात आली, ती स्वस्त व्हायला पुढं वीसेक वर्षं गेली.

आता मोटार. सगळ्याजणी वर बघा. छताचा पंखा बघा. दांडी फिरत नाही, दांडीला धरलेलं आतलं तांब्याचं भेंडोळंही फिरत नाही. फिरतं ते बाहेरचं कवच, आणि पाती कवचाला लावलेली असतात. सायकलच्या चाकातली मोटार अगदी अशीच. मधला आस सायकलच्या चिमट्यात घट्ट आवळलेला, आसावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या आणि बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेले चुंबक. पंख्याला पाती, इथं आरे आणि टायर. छताचा पंखा आडवा करून चाकात बसवला, असं म्हणा.

घरातली दुसरी मोटार मिक्सरची. ती वेगळी. तिच्यात आतला भाग फिरतो, आणि फिरत्या भागाला वीज पोचवायला कोळशाचे दोन तुकडे घासत राहतात. त्यांना कार्बन ब्रश म्हणतात. मिक्सरच्या खाचेतून निळ्या ठिणग्या दिसतात त्या तिथल्या. ब्रश झिजतात, बदलावे लागतात. सायकलच्या मोटारीत ब्रश नाहीत, म्हणून तिला ब्रशलेस म्हणतात. घासणारं काही नाही, त्यामुळं वर्षानुवर्षं चालते.

पण ब्रश नाहीत तर मग कुठल्या गुंडाळीला कधी वीज द्यायची हे ठरवणार कोण? मोटारीतल्या गुंडाळ्या तीन गटांत वाटलेल्या असतात. एका गटाला वीज दिली की तो चुंबक बनतो आणि समोरच्या चुंबकाला ओढतो. चुंबक जवळ आला की तो गट बंद करून पुढचा चालू करायचा, मग त्याच्या पुढचा. म्हशीच्या पुढं पेंढी धरून चालत राहावं तसं. म्हैस पेंढीला कधी गाठत नाही, पण गोठ्यापर्यंत येते. चाकाच्या एका फेऱ्यात ही अदलाबदल शंभराहून जास्त वेळा होते. चुंबक या क्षणी कुठं आहे हे सांगायला मोटारीत तीन बारीक संवेदक बसवलेले असतात, हॉल सेन्सर. त्यांच्या निरोपावरून वीज फिरवणारी पेटी म्हणजे कंट्रोलर.

म्हणून मोटारीतून तीन जाड तारा येतात आणि पाच बारीक. जाड तारा तीन गुंडाळ्यांच्या. बारकांपैकी तीन हॉल सेन्सरच्या निरोपाच्या, दोन त्यांना वीज पुरवायच्या. हे लक्षात ठेवलंत तर अर्धी दुरुस्ती आली. सायकल सुरू होताना थरथरते, गचके देते, पण चाक फिरत नाही, असं झालं तर बहुधा या आठांपैकी एखादी तार सैल आहे किंवा तुटलीय. ती नेमकी आसाजवळ तुटते, जिथं वळण आहे. दुकानदार म्हणेल "मोटार गेली". मोटार इतक्या सहज जात नाही.

चाकातल्या मोटारीत दोन जाती आहेत. एक थेट फिरणारी. मोठी, जड, आवाज नाही, पण बंद असताना पायडल मारलं तर थोडी मागं ओढते. दुसरी लहान. तिच्यात आतली मोटार चाकाच्या चार-पाच पट वेगानं फिरते आणि नायलॉनच्या दातेरी चक्रांतून तो वेग कमी करून जोर वाढवते. पाट्यावर मसाला वाटताना आपण हात हळू पण दाबून फिरवतो, तोच हिशेब. चढाला आणि ओझ्याला ही दुसरी बरी. खर्र-खर्र आवाज यायला लागला तर नायलॉनचे दाते झिजलेत असं समजा. ते सुटे मिळतात, सगळं चाक बदलायचं कारण नाही. तिसरा प्रकार पायडलच्या ठिकाणी बसणाऱ्या मोटारीचा. चांगला आहे, महाग आहे, चेन लवकर झिजवतो. आपल्या बजेटात तो बसत नाही, पुढं जाऊ.

पाटीवर '२५० वॅट' लिहिलेलं असतं. ते पुरे पडतं का? हिशेब करून बघू. बाई साठ किलोची, सायकल पंचवीस, भाजी पंधरा, एकूण शंभर किलो. सपाट रस्त्यावर ताशी अठरा किलोमीटरनं जायला साधारण ८० ते ९० वॅट लागतात. आता गोदाघाटावरून रविवार कारंजाकडं चढा. शंभर मीटरला चार मीटर चढ धरला आणि वेग ताशी बारा, तर १७० वॅटच्या आसपास लागतात. धडधाकट माणूस न दमता साठ-सत्तर वॅट देतो. उरलेले शंभर मोटारीनं द्यायचे. म्हणजे २५० वॅटची मोटार भरपूर झाली. "पाचशेची घ्या ताई, हीत दम नाही" असं कुणी म्हटलं तर हा हिशेब त्याच्यापुढं मांडा.

एक मात्र सांभाळा. चढावर थांबून नुसत्या मोटारीवर निघायचं नाही. चाक फिरत नसताना मोटार सगळ्यात जास्त वीज ओढते आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेत जाते. घट्ट डाळ वाटताना मिक्सर अडकतो आणि जळका वास येतो ना, तेच. आधी पायानं दोन फेरे मारा, मग मोटार. चाक फिरायला लागलं की मोटार स्वतःच थोडी वीज तयार करून बॅटरीच्या विजेला विरोध करते आणि ओढ कमी होते. याच कारणानं एका वेगापुढं मोटार जोरच लावू शकत नाही. 'जास्त व्होल्टची बॅटरी लावा, पळेल' असं पोरं सांगतात ते यावरूनच.

व्होल्ट, अँपिअर यांचा गोंधळ होतो, तो मिटवू. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्ट. नळाची धार किती जाड ते अँपिअर. टाकीत पाणी किती मावतं ते अँपिअर-अवर. उंची गुणिले धार म्हणजे वॅट. बॅटरीवर लिहिलेलं असतं '३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर'. गुणाकार करा, ३६० वॅट-अवर. हजार वॅट-अवरचं एक युनिट, म्हणजे बॅटरीत एक तृतीयांश युनिटाहून थोडी जास्त वीज मावते. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला दहा ते पंधरा वॅट-अवर लागतात. पंचवीस ते पस्तीस किलोमीटर. जाहिरातीत साठ-सत्तर लिहिलेलं असेल तर ते हलक्या माणसानं, सपाट रस्त्यावर, जोरात पायडल मारून काढलेलं असतं. आपण पंचवीस धरायचं.

बॅटरीचं काळं खोकं उघडलं तर आत टॉर्चच्या सेलसारखे नळकांडी सेल दिसतात, १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब. एकेकाचे ३.६ व्होल्ट. दहा एकापुढं एक जोडले की ३६ व्होल्ट. अशा चार ओळी शेजारी-शेजारी, म्हणजे चाळीस सेल. उघडलं तर, म्हटलं मी. उघडायचं नाही. पाना दोन टोकांवर पडला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

या चाळीस सेलांवर एक राखणदार असतो, त्याला बीएमएस म्हणतात. त्याचं काम बचत गटवाल्यांना पटकन कळेल. गटातल्या एकीचा हप्ता थकला की सगळ्या गटाचं कर्ज अडतं. ओळीतला एक सेल अशक्त झाला की तो आधी रिकामा होतो, आणि राखणदार सगळी बॅटरी बंद करतो. बाकीच्या सेलांत वीज असूनसुद्धा. चार्ज करतानाही एक आधी भरला की तो पुढं भरणं थांबवतो. म्हणून जुनी बॅटरी 'फुल' दाखवते आणि दहा किलोमीटरवर मरते. स्वस्त पॅकमध्ये हा राखणदार कामचलाऊ असतो, किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल भरलेले असतात. बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून पक्कं बिल, बनवणाऱ्याचं नाव आणि लेखी वॉरंटी याशिवाय बॅटरी घ्यायची नाही.

आगीबद्दल इथं कुणीतरी विचारणारच होतं. ९ एप्रिल २०२२ ला आपल्या नाशिकजवळच कंटेनरमधून चाललेल्या चाळीस इलेक्ट्रिक स्कूटरपैकी वीस जळाल्या. कुणाला इजा झाली नाही. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही अशा आगी लागल्या. पुढं गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या एआयएस-१५६ या मानकात कडक सुधारणा झाल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. पण बाजारात सायकलीला लावायला मिळणारा सुटा, बिननावाचा पॅक या चाचण्यांतून गेलेला असेलच असं नाही. आत काय होतं, तर एखादा सेल आतल्या आत शॉर्ट होतो किंवा प्रमाणाबाहेर भरला जातो, तापतो. तापला की त्याच्यातली रासायनिक क्रिया आणखी उष्णता सोडते, ती शेजारच्या सेलला तापवते. मग ते थांबत नाही. ओली गंजी आतून धुमसते तसं.

आपल्या घरांत चार्जिंगची जागा म्हणजे दाराजवळचा एकच प्लग, आणि खोली एकच. घरातून पळायचा रस्ता तोच. म्हणून माझं म्हणणं असं की, बॅटरी सायकलवरून काढून घरात आणता येते तशी बाहेरही ठेवता येते. ओट्यावर, जिन्याखाली, सावलीत, शक्य तर गटाची मिळून एक पत्र्याची टपरी करून चार्ज करा. रात्री सगळे झोपल्यावर, गादीजवळ, दार अडवून मुळीच नको. एप्रिलच्या उन्हात चालवून आलात तर अर्धा-एक तास निवू द्या. चार्जर त्याच बॅटरीचा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट होते, तिला ४८ वाल्याचा चार्जर लावणं म्हणजे काडी ओढणं. फुगलेली, आपटलेली, पुरात बुडालेली बॅटरी चार्ज करायची नाही. आणि भंगारवाल्यालाही द्यायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, ते बिल दाखवून त्याच्याकडंच मागा.

लोह-फॉस्फेट नावाचा लिथियमचाच दुसरा प्रकार मिळतो. जरा जड, पण तापायला अवघड आणि टिकाऊ. रोज ओझं वाहणारीनं तो मागावा, असं माझं मत.

आता पैशाचा हिशेब, जो विकणारा कधीच पुरा सांगत नाही. तो म्हणतो, 'चार रुपयांत पंचवीस किलोमीटर'. खरं आहे. युनिटला नऊ-दहा रुपये धरले आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज मिळवली तरी चार रुपयेच होतात, किलोमीटरला सोळा पैसे. पण समजा बॅटरी बारा हजारांची आणि ती सहाशे वेळा चार्ज झाली. पंधरा हजार किलोमीटर झाले. किलोमीटरला ऐंशी पैसे बॅटरीचे! विजेच्या पाचपट. म्हणून गटानं कर्जाच्या हप्त्याबरोबरच नव्या बॅटरीसाठी दर महिन्याला वेगळे पैसे टाकायला हवेत, नाहीतर तिसऱ्या वर्षी सायकल भिंतीला टेकून उभी राहील. बॅटरी दरवेळी पार रिकामी करू नका, आणि महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. आयुष्य वाढतं.

कंट्रोलरबद्दल थोडंच सांगते. ती मुठीएवढी ॲल्युमिनियमची पेटी, तिच्यात विजेची सहा दारं असतात. ती उघडझाप करून तीन गुंडाळ्यांना पाळीपाळीनं वीज देतात. तुम्ही मूठ पिळता तेव्हा तिच्यातला चुंबक संवेदकापासून सरकतो आणि किती पिळली याचा निरोप कंट्रोलरला जातो, इतकंच. पायडलजवळ चुंबकांची चकती असते, ती पाय फिरतोय का ते सांगते. भारी सायकलींत पाय किती जोर लावतोय हेही मोजतात. यामाहानं १९९३ साली जपानमध्ये तशी सायकल पहिल्यांदा बाजारात आणली. आणि दोन्ही ब्रेकच्या मुठींत एकेक बटण असतं. ब्रेक दाबला की मोटार बंद. हे बटण अडकून बसलं की दिवे लागतात, बॅटरी फुल, पण सायकल ढिम्म हलत नाही. मुठीत धूळ जाऊन असं नेहमी होतं. मुठीच्या तारेचा प्लग काढा आणि बघा, सायकल चालली तर मूठ साफ करून तो लगेच परत लावा. त्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

कायदा. मोटार वाहन नियमांप्रमाणं मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असेल तर ते मोटार वाहनच धरलं जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. ज्या बाईकडं लायसन्स काढायला वेळ नाही, कागद नाहीत, तिच्यासाठी हे दार उघडं आहे. पण काही दुकानदार 'लॉक काढून देतो, चाळीसनं पळेल' म्हणतात. लॉक काढलं की ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार गाडी झाली. कुणाला धडक बसली तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल, लॉक काढणाऱ्यावर नाही.

आणखी एक गोष्ट, जी मोटारीत बसत नाही. कॉइल गुंडाळणं, तारांच्या जुड्या बांधणं ही कामं कारखान्यांत बहुधा बायकांना देतात. 'बायकांची बोटं नाजूक' म्हणतात. तीच मोटार बिघडली की दुरुस्तीचं दुकान पुरुषाचं, कारण तिथं 'डोकं लागतं'. आणि घरात? सायकल घरात आली की ती 'घरची' होते. घरची म्हणजे कुणाची, ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळी बाईला मार्केटला जायचं असतं आणि दादा रात्री मित्राकडं जाऊन बॅटरी संपवून आलेला असतो. म्हणून बिल बाईच्या नावावर करा. आणि बॅटरीला कुलूप असतं, त्याच्या दोन किल्ल्या मिळतात. एक बाईच्या कनवटीला, दुसरी गटाच्या पेटीत. यावरून भांडणं होतील. होऊ देत, ती गटात आणा.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. हे चाक मी मुद्दाम आणलंय, गिअरवालं आहे. जवळ या. आधी उलटं फिरवून बघा, जड लागतंय ना? ओल्या मातीत रुतल्यासारखं, थांबत थांबत? पुढच्या बाजूला फिरवून हे कळत नाही, आतला क्लच सुटा फिरतो. आता या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवा. सोडवल्या? फिरवा पुन्हा. मोकळं झालं, म्हणजे मोटार शाबूत आहे आणि कंट्रोलरमधलं दार जळून कायमचं उघडं राहिलंय. सोडवूनही जड राहिलं असतं तर दोष मोटारीत. या चाकाच्या मालकिणीला नव्या मोटारीचा भाव सांगितला होता. आता आपण फक्त कंट्रोलर बदलू. अठरा नंबरचा पाना कुणी आणलाय?